दौंड जुळले, शिरूर जुळेना

शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातली दोन तालुक्यांची गावे. एक घोडनदीच्या काठी, दुसरे भीमेच्या. घोडनदी पुढे जाऊन भीमेलाच मिळते, तेव्हा दोन्ही गावांचे पाणी अखेर एकच. शिरूरला कित्येक जुनी माणसे अजून 'घोडनदी'च म्हणतात, आणि इंग्रजांच्या कागदोपत्री ते 'सिरूर' होते. दौंडची तऱ्हा त्याहून वाईट. साहेबाने इंग्रजीत लिहिताना त्याचा 'धोंड' करून टाकला, आणि तो धोंडा रेल्वेच्या कागदांत बरीच वर्षे पडून राहिला. एकच वस्तू दोन ठिकाणी दोन प्रकारांनी लिहिली म्हणून ती दोन होत नाही, हे या भागातल्या माणसाला कोणी शिकवायला नको होते. मला तर मुळीच नको होते. मी शिरूरला मराठी शिकवतो. पाठभेद म्हणजे काय, यावर मुलांना दर वर्षी चार तास ऐकवतो. असे असूनही नेमक्या याच बाबतीत गेल्या वर्षी मी असा घसरलो, की एका सरळ मुलीच्या डोळ्यांतून पाणी काढले. दिवाळीच्या अंकात खरे म्हणजे काही तरी खुसखुशीत लिहायचे. पण ही हकिगत मनातून जात नाही, म्हणून हीच लिहितो.

आमचा उद्योग तसा निरुपद्रवी होता. दौंडला माझे एक मित्र आहेत, तेही मराठीचेच प्राध्यापक. आम्ही दोघांनी मिळून ठरवले, की घोड आणि भीमा यांच्या मधल्या पट्ट्यातले बोलीतले शब्द गोळा करायचे. मोट गेली, तिच्याबरोबर नाडा गेला, सोंदूर गेला, थारोळे गेले. कुळव, वखर, पाभर, तिफण ही नावे आजच्या मुलांना परीक्षेपुरतीही ठाऊक नाहीत. दोन्ही कॉलेजांतली मुले सुट्टीत आपापल्या आजी-आजोबांपुढे वही घेऊन बसली आणि सुमारे बाराशे शब्द उतरवून घेऊन आली. शब्द कोणत्या गावी मिळाला, ते गावही त्याच्यापुढे नोंदले. नियम एकच घातला होता, आणि तो मीच घातला होता: जसा ऐकला तसा लिहायचा, शुद्ध करायचा नाही. आजी 'येळ' म्हणाली तर वहीत 'येळ'च पाहिजे, 'वेळ' नको.

ही सगळी यादी संगणकावर उतरवण्याचे काम आमच्या कॉलेजातल्या एका मुलीने अंगावर घेतले. मुलगी नुकतीच बी.ए. झालेली, घरची थोडी कोरडवाहू शेती. या कामाचे जे थोडेसे मानधन मिळायचे, त्यातून तिला एम.ए.च्या प्रवेशाची फी भरायची होती. तिने महिनाभर बसून यादी उतरवली. तिची एक प्रत शिरूरला राहिली, दुसरी दौंडला गेली.

इथून संगणकाचा भाग सुरू होतो. पहिल्यांदा यादी दौंडला पाठवली तेव्हा वाटेत कुठे तरी तिचा बोजवारा उडाला आणि तिथे नुसती प्रश्नचिन्हे जाऊन पोहोचली. मोट नाही, नाडा नाही. पानेच्या पाने प्रश्नचिन्हे. माझ्या मित्रांचा एक भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीला आहे. तो म्हणाला, "मजकूर आधी 'बेस-६४' करा आणि मग पाठवा. इंग्रजी अक्षरांचा होतो. वाटेत मोडत नाही." त्याप्रमाणे केले, आणि यादी सुखरूप पोहोचली. पुढे जून महिन्यात दोन्ही प्रती एकसारख्या आहेत की नाहीत, हे पाहायचे ठरले. शिरूरला मुलीने तिच्या यंत्रावर प्रत्येक शब्दाचे बेस-६४ रूप काढले. दौंडला भाच्याने त्याच्या यंत्रावर काढले. आणि दोन्ही रूपे यंत्राकडूनच ताडून पाहिली. मूळ शब्द एक तर त्याचे रूपही एकच निघणार, असा साधा हिशेब होता.

रात्री मित्रांचा फोन आला. "अहो, निम्म्याहून अधिक शब्द जुळत नाहीत! तुमच्या मुलीनं मागाहून यादीत हात घातलाय."

मी दचकलो, पण खरे सांगायचे तर माझा चटकन विश्वासही बसला. याला कारण होते. काम चालू असताना तिने मला एकदा विचारले होते, "सर, हे अशुद्ध शब्द जरा शुद्ध करून घेऊ का?" मी नाही म्हटले होते. पण तिच्या मनात ते राहिले असणार, असे माझ्या मनाने घेतले. दुसऱ्या दिवशी तिला बोलावले. ती म्हणाली, "सर, मी एक अक्षरसुद्धा बदललेलं नाही." मी म्हटले, "मग यंत्र खोटं बोलतं का?"

ती काही बोलली नाही. डोळे पुसले, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेली. मानधनाचा कागद माझ्या सहीवाचून तसाच पडून राहिला.

तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीच्या हाती एक चिठ्ठी आली. तीत दोनच ओळी होत्या. "सर, मी गावांची नावं करून पाहिली. दौंड जुळतं, शिरूर जुळत नाही. शिरूर मी कशाला बदलू?"

चिठ्ठी वाचली आणि मला माझीच लाज वाटली. 'येळ'चे 'वेळ' कोणी करील. पण 'शिरूर'चे शुद्ध कोण काय करणार? मी तसाच स्टँडवर गेलो आणि न्हावरे, चौफुला, पाटस असा वळसा घेत दौंडला पोहोचलो. सुदैवाने भाचा सुट्टीवर आलेला होता.

त्याला मी म्हटले, "बाबा रे, मला हे बेस-६४ काय आहे ते पहिल्यापासून सांग. मी मराठीचा मास्तर आहे, असं समजून सांग."

मुलगा समजूतदार होता. तो म्हणाला, "काका, पूर्वी दौंडहून बारामतीला अरुंद रुळांची गाडी जायची, आठवतं? मोठ्या रुळांवरून आलेला माल पुढं न्यायचा तर लहान डब्यांत भरावा लागायचा. तसंच आहे हे."

संगणक सगळे काही आठ-आठ बिटांच्या डब्यांत ठेवतो. अशा डब्याला बाइट म्हणतात. पण संगणकाचे टपाल मुळात इंग्रजी मजकुरापुरते बांधलेले, त्याला सात बिटे पुरत. चित्रे, गाणी, मराठी असला आठ बिटांचा माल त्या वाटेवर सांडायचा. म्हणून तोड अशी काढली, की आठ-आठचे तीन डबे घ्यायचे आणि तो माल सहा-सहाच्या चार डब्यांत भरायचा. तीन आठे चोवीस, चार सक चोवीस. सांडायला काही उरत नाही. सहा बिटांत शून्यापासून त्रेसष्टपर्यंत आकडे मावतात, म्हणजे एकूण चौसष्ट. प्रत्येक आकड्याला कोणत्याही वाटेवर न मोडणारे एकेक चिन्ह नेमून दिले: इंग्रजी मोठी अक्षरे २६, लहान २६ आणि अंक १०. बासष्ट झाले. उरलेल्या दोन जागांवर अधिकाचे चिन्ह '+' आणि तिरपी रेघ '/' बसवली. झाले बेस-६४. माल तेवढाच, डबे मात्र तिनाचे चार होतात.

"हे तर पाढ्यांइतकं पक्कं आहे," मी म्हटले, "मग एका शब्दाची दोन उत्तरं येतातच कशी?"

"पाढे पक्के आहेत, काका. पण प्रत्येक जण ते आपल्या हातानं म्हणत नाही. लायब्ररी वापरतो."

लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटे आली. पण ही लायब्ररी म्हणजे कोणी तरी आधी लिहून ठेवलेला आयता कार्यक्रम. आपण त्याला नुसते हाताशी घ्यायचे. मित्रांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे चकलीच्या विकतच्या भाजणीसारखं. पुड्यावर भाजणी एवढंच लिहिलेलं. आत कोणाचे तांदूळ जास्त, कोणाची हरभऱ्याची डाळ." इतके नेमके मला सुचले नसते.

मग भाच्याने एकेक कारण काढून तपासायला घेतले. ती वाचकांनाही कधी ना कधी उपयोगी पडतील, म्हणून सांगतो.

पहिले कारण म्हणजे मुळात डब्यांत काय भरले. बेस-६४ ला अक्षरे दिसत नाहीत, बाइट दिसतात. आणि अक्षराचे बाइट करण्याच्याही रीती निरनिराळ्या. युनिकोडमध्ये 'दौंड' हा चार खुणांचा शब्द: द, औकार, अनुस्वार आणि ड. यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, तेव्हा दौंडचे झाले बारा बाइट आणि बेस-६४ ची सोळा चिन्हे. यूटीएफ-१६ या रीतीत खुणेला दोनच बाइट. तेव्हा झाले आठ, आणि चिन्हे बारा. शब्द तोच, लांबीसुद्धा वेगळी! त्यातही दोन बाइटांपैकी आधी कोणता लिहायचा, याच्या दोन चाली आहेत. काही लायब्ऱ्या एक रीत गृहीत धरतात, काही दुसरी. आणि जावास्क्रिप्टमधला बेस-६४ चा जुना आयता कार्यक्रम देवनागरी पाहताच सरळ नकार देतो. पण आमच्या दोन्ही यंत्रांत यूटीएफ-८ च निघाले.

दुसरे कारण अदृश्य आहे. शब्दाच्या शेवटी 'नवी ओळ' ही न दिसणारी खूण चिकटून येते. शिरूरचे पंधरा बाइट, चिन्हे वीस. ती एक खूण चिकटली की बाइट सोळा, आणि चिन्हे एकदम चोवीस. सोळांतला शेवटचा बाइट एकटाच उरतो, म्हणून डबा पुरा करायला मागे '==' असे टेकू लावावे लागतात. यावरून मला एक गमतीचा नियम मिळाला. निव्वळ देवनागरीतला शब्द यूटीएफ-८ मध्ये नेहमी तिनाच्या पटीत येतो, तेव्हा त्याच्या शेवटी '=' कधीच येत नाही. आले, तर आत भलते काही तरी शिरले आहे असे खुशाल समजावे. आमच्या याद्यांत तसे टेकू नव्हते.

तिसरे कारण हे टेकूच. काही लायब्ऱ्या ते नेमाने लावतात, काही गाळतात. तो प्रश्नही आपोआप मिटला.

चौथे कारण म्हणजे ओळ कुठे मोडायची. बेस-६४ ची ही रीत १९८७ साली खाजगी संगणक-टपालाच्या एका मसुद्यात आली, तेव्हा चौसष्ट चिन्हांवर ओळ मोडायची असे ठरले. १९९२ साली टपालाला चित्रे आणि इतर माल जोडण्याची पद्धत ठरली, तिने मर्यादा शहात्तरावर नेली. रुबी भाषेतली एक नेहमीची रीत साठावर मोडते. पायथॉनमध्ये शहात्तरावर मोडणारी आणि मुळीच न मोडणारी, अशा दोन्ही आहेत. लांब मजकुराची उत्तरे वेगळी दिसतात ती बहुधा यामुळे. पण आमचे शब्द होते दोन-चार अक्षरांचे. तिथे मोडायला ओळ होतीच कुठे?

"मग राहिलं काय?" मी विचारले.

"पाचवं एक असतं," भाचा म्हणाला, "चौसष्ट चिन्हांचा तक्ताच वेगळा असणं. पण ते इथं नाही. मी पहिल्याच दिवशी 'दौंड' करून पाहिलं; दोन्हीकडचं उत्तर हुबेहूब जुळलं. तक्ता वेगळा असता तर दौंडही चुकलं असतं. म्हणून तर मी म्हटलं, की शब्दच बदललेत."

बिनतोड युक्तिवाद. पण माझ्या खिशात चिठ्ठी होती. मी म्हटले, "जुळलेली गावं कोणती आणि न जुळलेली कोणती, तेवढं मला वाचून दाखव."

तो वाचत गेला, मी वहीत लिहीत गेलो. जुळलेली: दौंड, यवत, वरवंड, खोर, कुरकुंभ, केंदूर, मलठण. न जुळलेली: शिरूर, पाटस, केडगाव, न्हावरे, चौफुला, राहू, पाबळ, निमोणे, रांजणगाव. मित्र म्हणाले, "जुळलेली आमच्या तालुक्यातली दिसतात." पण केंदूर आणि मलठण शिरूर तालुक्यातली, आणि पाटस, केडगाव दौंडची. ते काही खरे नव्हते.

मी वीस वर्षे मुलांच्या वह्यांतले काने आणि वेलांट्या लाल शाईने दुरुस्त करतो आहे. डोळा त्याच वळणाचा झालेला. पानाकडे पाहता पाहता एकदम ध्यानात आले, की न जुळलेल्या प्रत्येक नावात एक तर काना आहे, नाही तर पहिली वेलांटी. यवत, वरवंड, कुरकुंभ, मलठण यांत दोन्ही नाहीत.

"थांब," मी म्हटले, "आता पुढचे शब्द मी सांगतो. 'वखर' जुळलं असेल. 'तिफण' जुळलं नसेल. 'कुळव' जुळलं, 'पाभर' नाही. 'मळी' जुळलं, कारण तिला दुसरी वेलांटी आहे."

तो यादी पाहत होता. पाचही बरोबर निघाले. त्याने मान वर केली.

मित्र मात्र पक्के व्याकरणी. ते म्हणाले, "अहो, पण दौंडमध्येही काना आहेच की! काना आणि दोन मात्रा. 'मोट' जुळलं म्हणता. तिलाही काना-मात्रा आहे."

मी गप्प झालो. पण आता भाचा ताडकन उठून बसला. "नाही मामा! तो तुमच्या हाताचा काना. यंत्राला ओकार ही एक वेगळी खूण, औकार ही आणखी वेगळी. त्यांचे आकडे स्वतंत्र आहेत. काना सुटा असेल तरच त्याचा आकडा येतो. थांबा, भागाकार करून पाहू."

आणि त्याने जे करून दाखवले ते कोणत्याही वाचकाला घरी पाटीवर करून पाहता येईल. युनिकोडच्या वहीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला आकडा आहे. तो घ्यायचा आणि ६४ ने भागायचा. यूटीएफ-८ मधून आलेल्या प्रत्येक देवनागरी खुणेची बेस-६४ मध्ये चार चिन्हे होतात. पहिली दोन कायमची ठरलेली: चार हा अंक आणि 'के' हे मोठे अक्षर. भागाकार ३६ आला तर तिसरे चिन्ह 'एस', ३७ आला तर 'डब्ल्यू'. आणि चौथे चिन्ह म्हणजे उरलेली बाकी. 'द'चा आकडा २३४२. भागाकार ३६, बाकी ३८. अडतिसाव्या घरात 'एम' हे लहान अक्षर. झाला 'द'.

"आता काना," तो म्हणाला. "काना २३६६. बाकी?"

"बासष्ट," मी म्हटले.

"पहिली वेलांटी २३६७."

"त्रेसष्ट."

क्षणभर कोणीच बोलले नाही. अक्षरे आणि अंक मिळून बासष्ट घरे भरतात ती शून्यापासून एकसष्टपर्यंत. त्यापुढची दोन घरे ६२ आणि ६३. म्हणजे '+' आणि '/'. पाचवे कारण नेमके त्याच दोन घरांचे होते.

झाले होते ते असे. '+' आणि '/' ही चिन्हे टपालात चालतात, पण संकेतस्थळाच्या पत्त्यात ती घोटाळा करतात. तिथे तिरपी रेघ म्हणजे पत्त्याचा पुढला भाग, आणि अधिकाचे चिन्ह बऱ्याच ठिकाणी कोरी जागा म्हणून वाचले जाते. म्हणून दुसरा एक तक्ता निघाला. त्यात बासष्ट चिन्हे तीच. फक्त '+' च्या जागी आडवी रेघ '-' आणि '/' च्या जागी खालची आडवी रेघ '_'. २००६ साली हे दोन्ही तक्ते एकाच प्रमाण-मसुद्यात शेजारी शेजारी छापले गेले, आणि दुसऱ्याला पहिला समजू नये अशी सूचनाही त्यात आहे. २०१४ सालच्या जावात साधा, पत्त्याचा आणि टपालाचा असे तीन आयते प्रकार एकत्र मिळतात. पुढेमागे एकेक शब्दाला संकेतस्थळावर स्वतंत्र पान द्यावे, या विचाराने भाच्याने पत्त्याचा तक्ता घेतला होता. शिरूरच्या मुलीला मिळालेली लायब्ररी साधी होती. दोघांचेही बरोबर.

इंग्रजी मजकुरात ही दोन घरे क्वचित लागतात, म्हणून तिकडे हा भेद दिवसेंदिवस झोपून राहतो. आपल्याकडे तसे नाही. युनिकोडने १९९१ साली देवनागरीला जागा दिल्या त्या आपल्याकडच्या १९८८ च्या 'इस्की' या संकेताच्या क्रमाने. त्या ओळीत काना आणि पहिली वेलांटी नेमक्या या दोन वादाच्या घरांत येऊन बसल्या. कोणी मुद्दाम केले नाही, निव्वळ योगायोग. पण काना आणि वेलांटी सोडून मराठी किती बोलता येईल? या वाक्यातच पाहा ना! आमचे निम्म्याहून अधिक शब्द का जुळले नाहीत, याचे उत्तर ते होते. 'दौंड' बिचारे त्या दोन घरांच्या वाटेलाच जात नाही, म्हणून ते प्रत्येक तक्त्यात सारखे. भाच्याने परीक्षेला नेमके तेच घेतले. आपल्या गावाचे नाव कोणीही घेईल. तो शिरूरला जन्मला असता, तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता.

मला त्या वेळी आमच्या पोथ्या आठवल्या. जुने लेखक शके लिहिताना आकड्यांऐवजी शब्द घालत. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद चार, बाण पाच. आकड्यांचे शब्द करायचे आणि वाचणाऱ्याने शब्दांचे पुन्हा आकडे. तेही एक बेस-६४ च. 'बाण-वेद' हे उजवीकडून वाचायचे असते, म्हणजे पंचेचाळीस. ही चाल ठाऊक नसलेला चोपन्न वाचणार. आणि 'सागर' आला की विद्वानही थबकतात, कारण कोणी चार समुद्र मानतो, कोणी सात. म्हणून काही पोथी खोटी ठरत नाही. लेखकाच्या हाताशी कोणता तक्ता होता, ते आधी शोधावे लागते. हे मी वर्गात शिकवतो. घरच्या प्रसंगी मात्र विसरलो.

मग भाच्याने पहिल्या दिवशीच करायला हवे होते ते केले. दोन्ही याद्या आपापल्या तक्त्याने उलगडल्या आणि मूळ मराठी शब्द समोरासमोर ठेवले. बाराशेपैकी मोजकेच उरले. त्यांतले बरेचसे 'गुऱ्हाळ', 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड' अशा जातीचे. दौंडच्या प्रतीत मित्रांनी काही शब्द पुन्हा लिहिले होते. 'ऱ्ह'मधला अर्धा र काही यंत्रे 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहितात, काही साध्या 'र'ला न दिसणारा जोडक लावून. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे. पोटात खुणा वेगळ्या. पोटातले बाइट वेगळे असल्यावर बेस-६४ तरी काय करणार?

तेही बाजूला काढले. शेवटी एकच शब्द उरला, आणि तो खरोखरच वेगळा होता. दौंडच्या प्रतीत 'इळा'. शिरूरच्या प्रतीत 'विळा'.

मित्र माझ्याकडे पाहून म्हणाले, "म्हणजे एक तरी तिनं बदललाच."

मी खाली मान घातली. कारण तो शब्द तिने बदललेला नव्हता. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी कॉलेजातल्या त्या यंत्रापुढे मी एकटाच यादी चाळत बसलो होतो. 'इळा' दिसला, बोटे आपोआप पुढे गेली आणि मागे एक 'व' आणि पहिली वेलांटी टाकून मोकळी झाली. वीस वर्षांची लाल शाई! मला ते पुढे आठवलेही नाही. बाराशे शब्दांत हात घातलेला शब्द एकच निघाला, आणि तो हात माझा होता.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून विचार करीत होतो. यंत्र खोटे बोलले नव्हते. "ही दोन चिन्हे सारखी नाहीत," एवढेच ते म्हणाले होते, आणि ते खरे होते. "मुलीने बदलले" हे त्याने म्हटलेच नव्हते; ते आम्ही दोन मास्तरांनी आमच्या पदरचे घातले. पुडकी वेगवेगळ्या कागदांत बांधलेली दिसली, म्हणून आम्ही आतला माल चोरीचा ठरवला. पुडके सोडून पाहण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर आली होती. मी स्टँडवरून घरी न जाता तिच्या घरी गेलो. तिचे वडील ओट्यावर होते. त्यांनी आत हाक मारली. ती बाहेर आली तेव्हा मी उभाच होतो. तिच्या वडिलांच्या देखतच सांगितले, "चूक माझी झाली. तू एक अक्षरही बदललेलं नाहीस. एक शब्द बदलला गेलाय, तो मी बदललाय." मग मानधनाचा सही केलेला कागद तिच्या हाती दिला.

तिने तो घेतला, पण पाहिला नाही. म्हणाली, "सर, शिरूर का जुळत नव्हतं?"

ओट्यावर खडूने लिहून मी तिला २३६७ भागिले ६४ करून दाखवले. बाकी त्रेसष्ट आली तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

आता आमच्या शब्दसंग्रहाच्या पहिल्या पानावर, शब्दांच्या आधी, चार ओळी आहेत. अक्षरांचे बाइट कोणत्या रीतीने केले. बेस-६४ चा तक्ता कोणता. टेकू ठेवले की गाळले. आणि ओळ मोडली की नाही. त्याखाली पाचवी ओळ तिने स्वतःच्या हस्ताक्षरात घातली आहे: "ताडून पाहण्यापूर्वी उलगडावे." आणि यादीत 'इळा' पुन्हा आपल्या जागी आहे.